सोसायटीच्या इतिवृत्तावर बिटकॉइनच्या चेनचा तारखेचा शिक्का : कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू असलेल्या आणि इतिवृत्तावरून भांडणं होणाऱ्या सोसायट्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवतोय. आमची डोंबिवलीतली सोसायटी, ४८ फ्लॅट, बिल्डिंग जुनी. मागच्या विशेष सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताच्या दोन प्रती लोकांच्या हातात आहेत, एकीत पार्किंगच्या ठरावात एक ओळ जास्त आहे, दुसरीत ती नाही, आणि सह्या दोन्हीवर आहेत. आधीची कुठली आणि नंतरची कुठली हे आज कोणीच सिद्ध करू शकत नाही. त्यापायी तीस-तीस वर्षं शेजारी राहिलेली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. हे बघवत नाही म्हणून मी कमिटीत हे काम अंगावर घेतलं.

गरज एवढीच आहे की इथून पुढे कुठलाही मसुदा, ठराव, हिशोब, व्हिडिओ अमुक तारखेला अस्तित्वात होता आणि त्यानंतर त्यात एक अक्षरही बदललं नाही हे कोणालाही तपासता आलं पाहिजे, आणि तपासताना कमिटीवर विश्वास ठेवायची वेळ येता कामा नये.

एका कंपनीचं कोटेशन आलं होतं, "प्रायव्हेट ब्लॉकचेन" (ब्लॉकचेन म्हणजे साखळीने जोडलेल्या नोंदींची, अनेक कंप्युटरवर ठेवलेली एकच वही), पहिल्या वर्षी साडेतीन लाख आणि पुढे देखभालीचे वेगळे. त्यांना विचारलं नोड, म्हणजे त्या वहीची प्रत ठेवणारे कंप्युटर, किती आणि कोणाकडे, तर उत्तर आलं चार नोड, चारही त्यांच्याच क्लाउडवर. म्हणजे चारही वह्या एकाच माणसाच्या कपाटात. ज्या कारणासाठी ब्लॉकचेन लागते तेच त्यात नाही, म्हणून नको म्हटलं.

एक गोष्ट शोधताना सापडली ती लिहून ठेवतो. सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासाबद्दल महाराष्ट्र शासनाचा सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचा पहिला निर्णय ३ जानेवारी २००९ चा, आणि बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे त्याच्या वहीचं पहिलं पान, पण ३ जानेवारी २००९ चाच, आपल्या घड्याळाने रात्री पावणेबाराचा. योगायोगच आहे पण मला त्याने हुरूप आला.

१२ जानेवारी, रविवार

आधी घरच्या घरी करून पाहिलं की साधी साखळी पुरते का. पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या इतिवृत्ताच्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश काढायचा, तो दुसऱ्या इतिवृत्ताच्या नोंदीत टाकायचा, त्या सगळ्याचा पुन्हा हॅश, तो तिसऱ्यात. हॅश म्हणजे फाइल कितीही मोठी असो, तिच्यातून निघणारा ठरावीक ३२ बाइटचा आकडा, फाइलमधला एक काना जरी बदलला तरी आकडा पूर्ण वेगळा येतो आणि आकड्यावरून फाइल परत मिळवता येत नाही. मधलं एखादं इतिवृत्त बदललं की पुढच्या सगळ्या कड्या तुटतात. छान चाललं.

मग सेक्रेटरी काकांना बसवून दाखवलं तर त्यांनी लगेच नेमका प्रश्न विचारला की "अरे पण मी बदल करून पुढचे सगळे आकडे परत काढले तर?" आणि खरंच, जुनं इतिवृत्त बदलून अख्खी साखळी नव्याने बनवायला लॅपटॉपला एक सेकंदही लागला नाही. साखळी असून उपयोग नाही, ती परत बनवणं महाग असायला हवं आणि तिची प्रत आपल्या हाताबाहेरच्या लोकांकडे असायला हवी.

हा विचार नवा नाहीच. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये डिजिटल कागदांना तारीख लावायची पद्धत मांडली, आणि १९९५ पासून त्यांच्या कंपनीने दर आठवड्याचा एकत्रित हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. छापलेला पेपर हजारो घरांत गेला की मागे जाऊन कोण बदलणार. आपल्याकडे वारसाची जाहीर नोटीस पेपरात देतात त्यातला जोर तोच आहे. बिटकॉइनच्या मूळ शोधनिबंधात या दोघांच्या कामाचे संदर्भ आहेत.

बिटकॉइनमध्ये पेपरच्या जागी हजारो कंप्युटरवर असलेली एकच वही आहे आणि नवं पान जोडायला प्रचंड वीज आणि मशीन लागतात. जुनं पान बदलायचं तर त्यानंतरच्या प्रत्येक पानाचं काम परत करावं लागेल, तेही बाकीचं जग नवीन पानं जोडत असताना. आम्हाला नाणी नकोत, फक्त त्या वहीत एक आकडा बसवून हवाय. ओपनटाइमस्टॅम्प्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच करतं, पीटर टॉड यांनी २०१६ मध्ये आणलेलं. शिक्का मारायला स्वतःचा नोड लागत नाही, पण तो दुसऱ्या कोणावर न विसंबता तपासायला लागतो. म्हणून नोड आपल्याच ऑफिसमध्ये बसवायचा असं ठरलं.

१५ जानेवारी, बुधवार

सोसायटी ऑफिसमधला जुना डेस्कटॉप घेतला, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी फिरती हार्ड डिस्क. उबंटू टाकलं, नोड चालवायचं सॉफ्टवेअर बिटकॉइन कोअर २८ उतरवलं. उतरवलेली फाइल अस्सल आहे का हे त्यांच्या हॅशच्या यादीशी आणि सह्यांशी ताडून घ्या, ही पायरी गाळू नका.

पहिल्यांदा सुरू केल्यावर नोड २००९ पासूनचा प्रत्येक ब्लॉक उतरवतो आणि प्रत्येक व्यवहार स्वतः तपासतो. आत्ता हा सगळा ऐवज ६०० जीबीच्या वर आहे. आमच्या ब्रॉडबँडची महिन्याची मर्यादा ३.३ टीबी, त्यामुळे बसलं. ज्यांचा प्लॅन लहान आहे त्यांनी आधी तो आकडा बघा. राउटरवर ८३३३ पोर्ट उघडायचा प्रयत्न केला पण आमच्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी नाही, बाहेरून कोणी जोडू शकत नाही. त्यात संध्याकाळ गेली आणि गरज नव्हती, नोड आपणहून बाहेर दहा जोडण्या करतो, आपल्या कामाला तेवढ्या भरपूर.

२० जानेवारी, सोमवार

वेग पूर्ण मेला. पहिली काही वर्षं झपाट्याने गेली कारण २००९ ते २०१२ चे ब्लॉक जवळजवळ रिकामेच आहेत, मग २०१५ नंतर मंदावलं आणि २०१७ च्या आसपास पोचल्यावर दिवसभरात अर्धा टक्का सरकेना. नेटचा दोष समजून केबलवाल्याला बोलावलं, त्याने स्पीड टेस्ट करून दाखवली, नेट उत्तम होतं.

कारण डिस्क. नोड प्रत्येक व्यवहार तपासताना बघतो की खर्च होणारं नाणं खरंच शिल्लक आहे का, आणि त्या न खर्चलेल्या नाण्यांची यादी आज सतरा कोटींच्या वर नोंदींची आहे, डिस्कवर दहा-अकरा जीबी. प्रत्येक तपासणीला या यादीत इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात आणि फिरत्या डिस्कची सुई तिथे गुदमरते. हेच दुसऱ्या कोणी आधी लिहिलेलं मला सापडलं असतं तर आठवडा वाचला असता, म्हणून ठळक सांगतो, फिरत्या हार्ड डिस्कवर हे काम सुरूच करू नका.

१ टीबी एसएसडी आणली, ५,४०० रुपये. उतरवलेले ब्लॉक नोड बंद करून तिच्यावर कॉपी केले, त्यामुळे डाउनलोड परत करायला लागलं नाही. सेटिंगमध्ये डीबीकॅश ४०९६ केलं, म्हणजे ती यादी जमेल तेवढी रॅममध्येच धरून ठेवायची. फरक रात्रीच दिसला.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार अशी सूचना होती आणि ती वॉचमनने खाली बोर्डावर लावली पण ऑफिसात कोणी पाहिली नाही. सकाळी कंप्युटर धाडकन बंद. परत सुरू केल्यावर नोड कित्येक तास मागे गेला होता. डीबीकॅश मोठं ठेवल्याचा हा दुसरा पदर, रॅममधली यादी डिस्कवर उतरायच्या आत वीज गेली की तेवढं काम पाण्यात. ब्लॉक डिस्कवर होते, त्यामुळे उतरवायला नाही लागले, पण तपासणी पुन्हा. वर चेनस्टेट, म्हणजे तीच न खर्चलेल्या नाण्यांची यादी, खराब झाल्याचा एरर आला, मग रीइंडेक्स-चेनस्टेट देऊन ती यादी पहिल्या ब्लॉकपासून नव्याने बांधायला घेतली.

यूपीएस घेतला, ३,२०० रुपये, १५-२० मिनिटं टिकतो. पण यूपीएस वाजायला लागला की नोड व्यवस्थित बंद कोण करणार हा प्रश्न राहतोच, म्हणून यूएसबी केबल जोडून बॅटरी कमी झाली की नोड आपोआप बंद होईल अशी सोय केली. यूपीएस घेताना त्याला यूएसबी पोर्ट आहे ना हे बघून घ्या, स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलना नसतो.

खजिनदार ताईंनी बिल लगेच पास केलं.

२ फेब्रुवारी, रविवार

नोड शेवटच्या ब्लॉकपर्यंत पोचला. शेवटचा टप्पा पुन्हा हळू होता आणि त्यात काही बिघाड नव्हता. जुन्या ब्लॉकांमधल्या सह्यांची तपासणी सॉफ्टवेअर एका ठरावीक ब्लॉकपर्यंत गाळतं, त्यानंतरच्या ब्लॉकांची प्रत्येक सही तपासतं म्हणून वेग पडतो. घाबरून मध्येच बंद करू नका.

दुपारी कमिटीतले दोघं-तिघं आले होते त्यांना ब्लॉकचा मथळा उघडून दाखवला. अख्ख्या ब्लॉकचा मथळा फक्त ८० बाइटचा असतो. त्यात आवृत्ती, मागच्या ब्लॉकचा हॅश, या ब्लॉकमधल्या सगळ्या व्यवहारांचा मिळून एक हॅश ज्याला मर्कल रूट म्हणतात, वेळ, अवघडपणाचा आकडा आणि नॉन्स नावाचा हवा तसा बदलता येणारा आकडा. मायनर, म्हणजे नवे ब्लॉक जोडणारे, तो नॉन्स आणि आजूबाजूचं थोडंफार बदलत बदलत मथळ्याचा हॅश ठरलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत फिरत राहतात, आत्ताच्या हॅशच्या सुरुवातीला एकोणीस तरी शून्यं दिसतात. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, अवघडपणा असा बदलतो की सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक यावा. सेक्रेटरी काका मागच्या हॅशवरून मागचा ब्लॉक, मग त्याच्या मागचा असं स्वतः माउस धरून बराच वेळ मागे मागे जात राहिले. मी तोंडी समजावलं असतं त्याच्यापेक्षा हे जास्त कामी आलं, तुम्हीही भाषण न देता माउस समोरच्याच्या हातात द्या.

एक महत्त्वाचं. शिक्का तपासायला सगळे ब्लॉक साठवायची गरज नसते, फक्त मथळे पुरतात. म्हणजे प्रून सेटिंग देऊन जुने ब्लॉक पुसत गेलं तरी चालतं, कमीत कमी ५५० एमबीपर्यंत खाली जाता येतं, १ टीबीची एसएसडी घ्यायलाच नको होती, २५० जीबीची छोटी पण पुरली असती. मात्र प्रून केलेल्या नोडमध्ये वीज जाऊन यादी खराब झाली तर पहिल्यापासून सगळे ६०० जीबी परत उतरवावे लागतात, कारण जुने ब्लॉक पुसलेले असतात. आमच्याकडची वीज बघता मी सगळं ठेवायचं ठरवलं. ज्यांच्याकडे वीज भरवशाची आहे आणि बजेट कमी आहे त्यांनी प्रून करा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ओपनटाइमस्टॅम्प्सचा क्लायंट, म्हणजे आपल्या कंप्युटरवर चालणारा त्याचा प्रोग्राम, टाकला. नव्या उबंटूत पायथनचे प्रोग्राम टाकणारं पिप थेट वापरू देत नाही, "एक्स्टर्नली मॅनेज्ड" असा एरर येतो, आंतरजालावर काही जण जबरदस्तीचा फ्लॅग सुचवतात तो देऊ नका, वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा.

दुसरी अडचण, तपासणी करताना क्लायंट म्हणे बिटकॉइन नोडशी जोडता येत नाही. नोड तर समोर चालू. बिटकॉइनचा डेटा मी एसएसडीवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला होता आणि क्लायंट परवान्याची कुकी फाइल होम फोल्डरमधल्या नेहमीच्या जागी शोधत होता. नेहमीच्या जागी एसएसडीच्या फोल्डरची सॉफ्टलिंक केली, चालू झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला शिक्का. जानेवारीच्या कमिटी मीटिंगच्या इतिवृत्ताची पीडीएफ घेतली, "ओटीएस स्टॅम्प" (ओटीएस म्हणजे ओपनटाइमस्टॅम्प्स) दिलं, दोन सेकंदांत शेजारी त्याच नावाची छोटी ओटीएस फाइल तयार. सगळ्यांना वाटलं झालं. पण लगेच तपासलं तर "पेंडिंग".

आत काय घडतं ते समजून घेतलं तर ही वाट बघणं त्रासदायक वाटत नाही. क्लायंट फाइलचा हॅश काढतो, त्याला एक यादृच्छिक आकडा चिकटवून पुन्हा हॅश करतो, आणि फक्त तो हॅश कॅलेंडर नावाच्या सर्व्हरांकडे पाठवतो. फाइल आपल्या कंप्युटरबाहेर जात नाही. कॅलेंडर जगभरातून आलेले असे असंख्य हॅश जोडीजोडीने एकत्र करत एक झाड बनवतात आणि शेंड्याचा एकच हॅश बिटकॉइनच्या एका व्यवहारात बसवतात. त्यामुळे हजारो कागदांना मिळून एकाच व्यवहाराची फी लागते, ती कॅलेंडर चालवणारे देणग्यांतून भरतात, आपल्याला शून्य रुपये. आपल्या हॅशपासून शेंड्यापर्यंतची वाट ओटीएस फाइलमध्ये लिहिलेली असते.

संध्याकाळी "ओटीएस अपग्रेड" दिलं तेव्हा ती वाट पूर्ण होऊन फाइलमध्ये आली. मग "ओटीएस व्हेरिफाय", आणि स्क्रीनवर ब्लॉकचा नंबर आणि तारीख. इंटरनेटची वायर काढून परत केलं, तरीही उत्तर तेच, कारण मथळा आमच्याच डिस्कवर. त्या क्षणी मला खरोखर आनंद झाला.

तारीख मिळते, वेळ नाही. ब्लॉकमधली वेळ मायनर लिहितो आणि नियम सैल आहेत, मागच्या ११ ब्लॉकांच्या मधल्या वेळेपेक्षा पुढची हवी आणि तपासणाऱ्या नोडच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून जास्त पुढे नको, बस. त्यामुळे "सभा साडेसहाला संपली" हे यातून सिद्ध होणार नाही, "हा कागद त्या तारखेपर्यंत तयार होता" हे होईल.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मराठीनेच अडवलं. कमिटीने ठरावांचा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायचं ठरवलं होतं, पीडीएफ लागूच नये म्हणून. सेक्रेटरी काकांनी ऑफिसमध्ये टाइप केलेला ठराव आणि ताईंनी घरी तसाच्या तसा टाइप केलेला ठराव, अक्षर न अक्षर जुळत होतं, शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने वाचलं, फरक शून्य. हॅश वेगळे.

शोधायला दुपार गेली. "दुसऱ्या" या शब्दातला ऱ्य. एका कीबोर्डवर तो नुक्त्याच्या ऱ ला हलंत आणि य जोडून बनतो, दुसऱ्यावर साधा र, हलंत, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य असा बनतो. स्क्रीनवर दोन्ही एकच दिसतात, कंप्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. तसंच "ॲग्रीमेंट" मधला ॲ, एकीकडे एकच अक्षर, दुसरीकडे अ वर चंद्र. ते सारखं केल्यावरही हॅश जुळेना, मग कळलं की एक फाइल विंडोजची आणि एक लिनक्सची, ओळ संपल्याची खूणच वेगळी.

पीडीएफमध्येही सापळा आहे. वर्ड प्रोसेसरमधून तोच मजकूर दोनदा पीडीएफ केला तर दोन्हीत बनवल्याची वेळ वेगळी लिहिली जाते म्हणून हॅश वेगळे येतात. एखाद्याने मोबाइलवर पीडीएफ उघडून पिवळा मार्कर मारून सेव्ह केली, संपलं.

म्हणून आमचा नियम असा झाला की मजकुराला शिक्का नसतो, फाइलला असतो. पीडीएफ एकदाच बनवायची, नावात तारीख, लगेच रीड-ओन्ली करायची, शिक्का मारायचा आणि तीच फाइल सगळ्यांना. नंतर दुरुस्ती निघाली तर नवी फाइल, नवा शिक्का, जुनी पुसायची नाही. मसुद्यालाही शिक्का आणि अंतिमलाही. उलट दोघांमधला फरक उघड दिसणं हेच आम्हाला हवं आहे, पार्किंगची ओळ कुठल्या तारखांच्या मध्ये आली हे इथून पुढे लपणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

विशेष सर्वसाधारण सभा झाली. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या सभेचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं, तर आम्ही शूटिंगवाला लावला होता. तो म्हणाला दोन दिवसांनी पेनड्राइव्ह देतो, मागे संगीत आणि सुरुवातीला सोसायटीचं नाव टाकून. त्याला थांबवलं. एडिट केलेल्या व्हिडिओला दोन दिवसांनी शिक्का मारला तर मधल्या दोन दिवसांत काय कापलं याबद्दल तो शिक्का काहीच बोलत नाही. कॅमेऱ्याच्या कार्डावरच्या मूळ फाइल सभा संपल्याबरोबर सगळ्यांसमोर कंप्युटरवर घेतल्या आणि तिथेच शिक्के मारले. फाइल कित्येक जीबीच्या, हॅश निघायला मिनिटभर, पण ओटीएस फाइल तेवढीच चिमुकली.

सभासदांच्या ग्रुपवर एकाने तोच व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्याने तो उतरवून तपासला, जुळेना, लगेच "व्हिडिओ बदलला" अशी कुजबुज. मेसेजिंग ॲपमधून व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, ती वेगळीच फाइल होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर बाइट तसेच राहतात, पण एवढी मोठी फाइल तशी जाईना. आता मूळ फाइल ऑफिसातून पेनड्राइव्हवर मिळेल अशी नोटीस लावली. हे सभेच्या आधी सांगायला हवं, तुम्ही तसं करा, नाहीतर विश्वास वाढवायला आणलेल्या गोष्टीनेच संशय वाढतो.

२ मार्च, रविवार

कमिटीसमोर आणि जे आले त्या सभासदांसमोर सगळं मांडलं. प्रश्न चांगले आले.

सोसायटीला बिटकॉइन विकत घ्यावं लागणार का? नाही. हे विचारलं ते योग्यच, कारण १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. आपल्या नोडमध्ये नाणी ठेवायचं वॉलेटच बनवलेलं नाही.

थकबाकीदारांची नावं जगभर जाणार का? नाही, कॅलेंडरकडे यादृच्छिक आकडा मिसळलेला हॅश जातो आणि चेनवर तर फक्त झाडाचा शेंडा. पण एक खबरदारी, छोट्या मजकुराचा साधा हॅश स्वतःहून कुठे जाहीर करू नका. दहा अंकी मोबाइल नंबरचा हॅश असेल तर सगळे नंबर एकेक करून बघत तो ओळखता येतो.

कोर्टात चालेल का? आमच्या सभासद वकील बाईंनी सांगितलं की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅशचा आकडा व कुठल्या पद्धतीने काढला ते लिहायची जागा आहे, एसएचए-२५६ चा पर्याय छापलेलाच आहे. ते प्रमाणपत्र वेगळं लागेलच, शिक्का त्याची जागा घेत नाही, पण हॅश पहिल्या दिवसापासून नोंदवलेला असेल तर काम सोपं होतं.

एकाने एटापल्लीचं उदाहरण दिलं, गडचिरोली जिल्ह्यात २०२२ मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन या सार्वजनिक चेनवर नोंदवले गेले होते. तिथेही दाखला खरा आहे की खोटा हे चेन ठरवत नाही, दाखला देणारा अधिकारी ठरवतो, चेन एवढंच सांगते की त्या कार्यालयाने दिलेला दाखला हाच आहे.

तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं की इतिवृत्तात पहिल्याच दिवशी खोटं लिहिलं तर? तर त्या खोट्याला तारखेचा पक्का शिक्का बसेल, इतकंच. म्हणून मसुदा सभेनंतर लगेच सगळ्यांकडे गेला पाहिजे आणि हरकती लेखी आल्या पाहिजेत, त्या हरकतींनाही शिक्का. आजोबांच्या या प्रश्नावर जास्त वेळ चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. ज्यांना वाटतंय की हे बसवलं की भांडण मिटलं त्यांनी हा प्रश्न आधी आपल्या सोसायटीत विचारावा.

९ मार्च, रविवार

खर्च. एसएसडी ५,४००, यूपीएस ३,२००, दोन पेनड्राइव्ह ९००, मिळून ९,५००. कंप्युटर आधीचाच. चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला साधारण तीस युनिट वीज जाते, तीनशेच्या आसपास बिल. त्याची गरज नाही असं दिसलं, नोड फक्त रविवारी सुरू करतो, आठवड्याचे हजारेक ब्लॉक तासाभरात भरून निघतात. वेळ मात्र भरपूर गेला, त्यातला मोठा भाग डिस्क, वीज आणि ऱ्य यात.

मूळ फाइल आणि ओटीएस फाइल दोन्ही एकत्र जपायच्या. मूळ हरवली तर चेनवरून ती परत येत नाही, ओटीएस हरवली तर वाट हरवली. एक संच ऑफिसात, एक खजिनदार ताईंकडे, आणि एक कमिटीबाहेरच्या सभासदाकडे, हा तिसरा मुद्दाम विरोधी गटातला निवडला. दर सभेला त्याने स्वतः तपासून इतिवृत्त वहीत सही करायची असं ठरलं, तो आनंदाने तयार झाला.

पुढच्या सेक्रेटरीसाठी मराठीत दोन पानी सूचना लिहून कंप्युटरच्या वर चिकटवल्या आहेत, प्रत्येक पायरीनंतर स्क्रीनवर काय दिसलं पाहिजे त्यासकट.

३० मार्च, रविवार

पाडवा असल्याने ऑफिस सकाळीच उघडलं. आमच्या एका सभासदाचा मुलगा जर्मनीत असतो, त्याला सगळ्या फाइल आणि ओटीएस फाइल पाठवल्या होत्या, त्याने त्याच्या स्वतःच्या नोडवर तपासल्या. त्याने आम्हाला काही विचारलं नाही, आमच्या कंप्युटरला हात लावला नाही, आणि सभेच्या व्हिडिओसकट तारखा त्याच आल्या.

एका फाइलवर अडलं. फेब्रुवारीतल्या एका मसुद्याची ओटीएस फाइल अजून पेंडिंगच होती. शिक्का मारला होता पण अपग्रेड कोणी दिलं नव्हतं, म्हणजे त्याची वाट अजून कॅलेंडर सर्व्हरवरच होती आणि तो सर्व्हर उद्या बंद पडला असता तर त्या मसुद्याची तारीख गेली असती. कॅलेंडर चालू होतं, आज अपग्रेड झालं, ब्लॉक फेब्रुवारीचाच निघाला. आता दर रविवारी नोड सुरू झाला की फोल्डरमधल्या प्रत्येक ओटीएस फाइलला अपग्रेड देणारी छोटी स्क्रिप्ट लावली आहे आणि जी पेंडिंग राहील तिचं नाव स्क्रीनवर लाल येतं. अपग्रेड झालेल्या फाइल तिन्ही संचांत परत कॉपी करायच्या, ही ओळ सूचनांच्या पानात आज हाताने वाढवली. एप्रिलमध्ये वार्षिक हिशोब येतील, त्यांची पावतीपुस्तकं स्कॅन करायला ताई उद्यापासून बसणार आहेत.